घर बंद पडी गयं

जबाब

नाव दोधू मोतीराम पाटील, वय ६९ वर्षे, धंदा शेती, शिक्षण पाचवी, राहणार ब्राह्मणपुरी, ता. शहादा, जि. नंदुरबार.

समक्ष विसरवाडी पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर राहण्यास असून शेती करतो. माझी पत्नी धनुबाई, वय ६४, ही दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी खांडबारा ते विसरवाडी रस्त्यावर आमच्या वाहनात मयत झाली. माझा मुलगा हेमकांत सुरत येथे नोकरीस आहे. त्याने अर्ज दिला आहे की, मदतगाडीचा चालक चंदन हा बोलावूनही आला नाही, म्हणून त्याची आई दगावली. त्या अर्जाबाबत मला आज विचारले. हेमकांतही सोबत आला आहे.

सदर वाहन ही शाळेची जुनी मिनीबस आहे. ती आम्ही घेतली व शहाद्यात तिच्या आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी व संडास बसवून घेतला. कारण असे की, धनुबाईस वारंवार लघवीस जावे लागत असे. एस.टी.ने जायचे असले की ती आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसे. लग्नकार्यालाही जात नसे. संडास सोबत असेल तर मी कुठेही येईन, असे ती म्हणाली होती. ते हेमकांतने मनावर घेतले. वाहन तयार होऊन दारात आले तेव्हा तिने पायरीखाली चपला काढल्या, मग आत गेली. तेव्हापासून आम्ही व आमची गल्ली सदर वाहनास घर असेच म्हणतो. राहत्या घराला जुनं घर म्हणतो.

हेमकांतने रस्त्यातल्या मदतीची योजना घेऊन दिली होती. वाहन कुठेही बंद पडले तर फोन करायचा, मदतगाडी तिथे येते. एकदा आमच्या अंगणातच बॅटरी उतरली होती. तेव्हा फोन केल्यावर शहाद्याहून माणूस आला, वाहन चालू करून दिले व धनुबाईने केलेला चहा पिऊन गेला. त्यामुळे योजनेवर माझा विश्वास होता. तो माणूस चंदन नव्हता.

त्या सोमवारी आम्ही दोघे सकाळी निघालो. समुद्र पाहायला जायचे होते. धनुबाईने समुद्र पाहिलेला नव्हता. मी वाहन हळू चालवीत होतो. माझ्याकडे परवाना आहे. तो मी दाखवला आहे. खांडबारा सोडल्यावर चढावर वाहनाने धूर टाकला व ते बंद पडले. मी ते कडेला घेतले, हँडब्रेक ओढला व चाकांखाली दगड लावले. दगड दोन्ही मागच्या चाकांना लावले होते, हे लिहून घ्यावे.

मी योजनेच्या नंबरवर फोन केला. एक मुलगी बोलली. मी घाबरलेला होतो. तिने वाहन सोडून जाऊ नका, असे सांगितले. नंतर मोबाइलवर मेसेज आला. त्यात निळी ओळ होती. ती दाबली की आपण कुठे आहोत ते त्यांना कळते, असे आज मला समजले. मी ती दाबली नाही. आमच्या गावात एकाला निळ्या ओळीवरून फसवले होते. म्हणून निळी ओळ दाबायची नाही व अनोळखी नंबर उचलायचा नाही, असे हेमकांतने मला सांगून ठेवले होते. त्याने माझ्या भल्यासाठी सांगितले होते. यात त्याचा दोष नाही, हे वेगळे लिहावे.

ऊन फार होते. धनुबाईने मदतगाडीवाल्यासाठी चहा ठेवला. कोणी येईना. तिने झाकून ठेवला. थोड्या वेळाने परत गरम केला. मला म्हणाली, "तुम्हना मदतवालास्ना पाय मोडनात का?" मी म्हणालो, "येतीन, येतीन." ती हसली. नंतर म्हणाली की छातीत भरून येते आहे, गॅस झाला असेल. मी तिला ओव्याची पूड दिली.

रस्त्याच्या पलीकडे दावीद नावाच्या इसमाचे शेत आहे. माझी पूर्वीची ओळख नाही. तो व त्याची पत्नी सोमीबाई पाण्याची कळशी घेऊन आले. आमच्याकडे टाकीत पाणी होते, तरी त्यांनी आणले. सोमीबाई आत येऊन धनुबाईजवळ बसली, तिला पदराने वारा घालू लागली. बाहेर येऊन नवऱ्याला त्यांच्या बोलीत काही बोलली. मग दावीद मला म्हणाला, "बाबा, आईचा घाम बरोबर नाही. माझी पिकअप उभी आहे. विसरवाडीला दवाखान्यात नेतो, बसा तुम्ही दोघं."

मी म्हणालो की फोनवाल्या बाईने वाहन सोडू नका सांगितले आहे.

दावीद म्हणाला, "वाहन कुठे पळून जातंय बाबा? मी पोरांना बसवतो इथे राखायला."

तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला. तो मी दावीदला वाचायला दिला. त्यात लिहिले होते की आमचे वाहन आपल्याकडे पोहोचले आहे. मी रस्त्यावर जाऊन दोन्ही बाजूंना पाहिले. एक भाजीचा टेम्पो येत होता, त्याला मी टॉवेल हलवला. तो थांबला नाही. मी दावीदला म्हणालो की ते आलेच आहेत, जवळच असतील, आता थोडे थांबू. धनुबाई खिडकीतून माझ्याकडे पाहत होती.

त्यानंतर मोबाइल वाजला. मोठा, अनोळखी नंबर होता. मी उचलला नाही. तो परत वाजला. मी बंद केला.

नंतर सोमीबाईने आतून हाक मारली. दावीदने धनुबाईस उचलून पिकअपमध्ये ठेवले. शेगडीवर चहा होता, म्हणून मी परत आत जाऊन गॅस बंद केला व मग बसलो. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मयत झाल्याचे सांगितले. हृदय बंद पडले, असे ते म्हणाले. थोडे आधी आणले असते तर, असे मी विचारले.

चंदनबाबत सांगतो की, तो आला होता. तो ब्राह्मणपुरीस आमच्या जुन्या घरी आला होता. आमच्या शेजारी मंगलाबाई राहतात, त्यांनी मला हे दहाव्याच्या दिवशी रडत सांगितले. चंदनने कुलूप पाहून त्यांना विचारले की पाटील बाबा घरात आहेत असे मला कळवले आहे, ते कुठे आहेत. त्या म्हणाल्या, "घर तं त्या लई गयात ना भाऊ!" म्हणजे घर तर ते घेऊन गेले.

तो म्हणाला, "मस्करी नको करू व मावशी, उनमा ईसन उभा शे मी."

त्या म्हणाल्या, "मी कसाले मस्करी करू? सकायलेच लई गयात. घर बी आनि घरवालीबी."

त्यास ते पटले नाही. बाई टोमणा मारते, असे त्यास वाटले. तो ओट्यावर बसून कंपनीमार्फत मला फोन करीत राहिला. तोच तो मोठा नंबर. मंगलाबाईंनी त्यास पाणी दिले. शेवटी ग्राहक मिळून आला नाही, असे कंपनीला कळवून तो निघून गेला.

कंपनीने माझ्या फोनची रेकॉर्डिंग हेमकांतला दिली आहे. ती आज हवालदार साहेबांनी माझ्यासमोर लावली. तीतील आवाज माझा आहे. मुलगी विचारते, काय अडचण आहे. मी म्हणतो, "घर बंद पडी गयं." ती विचारते, मागच्या वेळी आलो होतो त्याच पत्त्यावर का, घरीच आहात ना. मी म्हणतो, "हां, आम्ही दोन्ही घरमाच शेतस." ती विचारते, म्हणजे आपण सुरक्षित जागी आहात. मी म्हणतो, हो. मग माणूस येईपर्यंत वाहन सोडून जाऊ नका, असे ती सांगते. नंतर मागून धनुबाईचा आवाज येतो. ती म्हणते, "त्यास्ले सांगा, उनमा येतीन बिचारा, चहा पिसनच जावानं. मी ठेवस."

त्यानंतर मुलगी धन्यवाद म्हणते व फोन बंद होतो.

सदर रेकॉर्डिंग मी परत लावण्यास सांगितल्यावरून परत लावण्यात आली. हेमकांत बाहेर जाऊन उभा राहिला. मी तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा साहेबांनी पाणी प्यायला दिले.

माझी चंदनविरुद्ध तक्रार नाही. तो सांगितलेल्या ठिकाणी गेला होता. त्याचे काम जाऊ नये. हेमकांतने अर्ज दुःखाच्या भरात दिला आहे, तो परत घ्यावा असे मी त्यास सांगितले आहे. अद्याप तो माझ्याशी बोललेला नाही. दावीद व सोमीबाई यांना बोलावून त्रास देऊ नये. त्यांनी सांगितले ते बरोबर सांगितले होते.

सदर वाहन सध्या ठाण्याच्या आवारात उभे आहे. टाकीतले पाणी सोडून द्यावे, त्याला वास येईल. पंचनाम्यात धनुबाईच्या चपला दिसत नाहीत. त्या वाहनात मिळणार नाहीत. ती चपला आत नेत नसे. वाहन बंद पडल्यावर ती एकदा खाली उतरली होती व परत चढताना चपला पायरीखाली काढल्या होत्या. दावीदने उचलून नेले तेव्हा ती अनवाणी होती. त्या चपला अजून तिथे रस्त्याच्या कडेला असतील. चढावर, डाव्या बाजूला. कोणी त्या बाजूला गेले तर पाहावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला व जड शब्द अहिराणीत समजावून दिले. जिथे जिथे वाहन लिहिले आहे, तिथे मी घर सांगितले होते. कागदावर वाहनच लिहावे लागते बाबा, असे हवालदार साहेब म्हणाले. मला ते समजले. तेवढे सोडून बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष
सही
दोधू मोतीराम पाटील