नाही म्हणायचं बटण

चार्जर घ्यायला आलेली नर्स दुकानातल्या बाकावर नंबर लागायची वाट बघत बसली होती. तिच्या आधी आलेल्या मावशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यावर चांगल्याच उखडल्या होत्या.

“अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते मी. अख्खं प्रकरण होत आलं, आणि ह्या मेल्या कॉम्प्युटरने स्वतःच स्वतःला बंद केलं! सगळं गेलं.”

“अपडेट आला असेल, मावशी. आधी विचारलं नव्हतं त्याने?”

“विचारलं की. मी ‘नंतर’ दाबलं.”

“तिथंच घोळ झाला.”

“अरे, नंतर म्हणजे नको! एवढंही कळू नये त्याला?”

“त्याच्या लेखी नंतर म्हणजे होच. फक्त वेळ तो ठरवतो.”

“मग नाही म्हणायचं बटण दाखव.”

“तसं बटणच नाही. आणि अपडेट घ्यावेच लागतात, नाहीतर व्हायरस घुसेल.”

“घेईन की! पण माझं वाचन संपल्यावर. मी म्हणेन तेव्हा.”

“मग तुमच्या कामाचे तास भरून ठेवतो. त्या वेळात तो मध्ये लुडबुडणार नाही.”

“तू नको भरूस. कुठं ते दाखव, मी भरते.”

नर्सचा फोन वाजला. दादाचा मेसेज होता: ‘नोकरी सोडायचं विचारलं तर नंतर सांगते म्हणालीस. म्हणजे हो धरतो. तुझ्या मेट्रनशी मीच बोलतो.’

तिने ‘नंतर बोलू’ लिहिलं. मग पुसलं.

“बघ, भरले की नाही तास!” मावशी म्हणाल्या.

नर्सने ‘नाही’ लिहिलं, आणि पाठवून दिलं.