फादरांचं रिकामं कपाट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चच्या पॅरिश मंडळाचे प्रमुख, व्यासपीठावरच्या कॉन्व्हेंटच्या मदर, आज सकाळीच रुजू झालेले आपले नवे फादर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले फादर, समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, आणि मागे दाराशी उभं राहून चहाची वाट पाहणाऱ्या सज्जनांनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. शिवाय 'फक्त चांगलं बोला' अशी चिठ्ठीही पाठवली आहे. चिठ्ठी मिळाली. आभारी आहे.

मी या पॅरिशच्या स्वयंपाकघराची कोठी सांभाळते. तुम्हाला हे ठाऊक आहे, पण नव्या फादरांसाठी सांगते. चर्चच्या मागच्या खोलीत रोज दुपारी बाराला चाळीस-पंचेचाळीस माणसं जेवतात. कुणाचं काम सुटलेलं, कुणाचं घर सुटलेलं, कुणी घरच्या माणसाला दवाखान्यात भरती करून बाहेरच्या बाकावर दिवस काढणारं. सूप, पाव आणि असेल तर फळ. उद्याही ती येणार आहेत. आणि या क्षणी, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे म्हणून खात्रीनं सांगते, आपल्या कपाटात उद्यासाठी एक बटाटासुद्धा नाही.

सत्कारमूर्तींचं सहा वर्षांचं कर्तृत्व ते हेच.

त्यावर उपाय म्हणून मी एक प्रस्ताव दिला आहे. घाऊक व्यापाऱ्याकडून महिन्याचा माल एकदम घ्यायचा, भिंतीला लोखंडी मांडण्या ठोकायच्या, भक्कम कुलूप लावायचं. चहानंतर मंडळाच्या बैठकीत तो मंजूर होणार आहे. नव्या फादरांना तो पसंत आहे, अध्यक्षांना पसंत आहे. मग मी त्रासलेली का, हे विचारण्याचं सौजन्य अजून कुणी दाखवलेलं नाही. ते मीच सांगते.

निवृत्त होण्याआधी चौतीस वर्षं मी एका मोठ्या रुग्णालयाच्या भांडारात होते. शेवटचं खोकं फोडायच्या आत नवी खोकी दारात हजर, हा माझा शिरस्ता. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, 'वेंधळी मुलगी देवावर भार टाकते, शहाणी मुलगी दुसरा रुमाल जवळ ठेवते.' मी आजही दोन रुमाल ठेवते. आणि निवृत्तीनंतर देवानं मला कुणाच्या हाताखाली दिलं? तर या फादरांच्या.

यांचा नियम असा, की संध्याकाळी कपाट रिकामं झालंच पाहिजे. उरलंसुरलं वाटून टाकायचं. सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपली की फादर दारात उभे राहणार आणि मोठ्यानं विचारणार, 'उद्या सहा किलो बटाटे हवेत, कोण आणतंय?' फक्त उद्याचं. परवाचा विषय काढला की यांना ऐकू येत नाही.

एकदा बेकरीवाले दोन पोती पीठ घेऊन आले. मी म्हटलं, चला, देवाला दया आली. फादर म्हणाले, "एक ठेवा, एक परत न्या."

"अहो फादर, दान आहे ते! पैसे नाही मागत," बेकरीवाले म्हणाले.

"हो ना. मग गुरुवारी दान करा. तेव्हा याल ना?"

बेकरीवाल्यांनी पोतं परत खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही अक्कल मीच शिकवली!

मी फादरांना विचारलं, "हा काय हट्ट?" तर म्हणे, "प्रभूनं प्रार्थनेत आपल्याला रोजचं अन्न मागायला शिकवलं, बाई. महिन्याचं नाही." आता या वाक्यापुढे काय बोलणार? बोलले मी, पण ते इथे सांगण्यासारखं नाही.

देवानं पुरवलं का? पुरवलं. सहा वर्षांत एकही माणूस उपाशी गेला नाही. एकदा नुसत्या पाव आणि चहावर भागलं, तेवढंच. पण कधी पुरवलं? साडेअकराला! जेवण बाराला. सर्वशक्तिमान देवाला दहा वाजता पुरवायला काय हरकत आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. आमच्या स्वयंपाकीणबाई निवांत पाणी उकळत ठेवायच्या. "कशाचं पाणी ठेवलंय?" मी विचारायची. "येईल त्याचं," त्या म्हणायच्या. फादरांची लागण, दुसरं काय!

शेवटी मी गुपचूप साठा सुरू केला. चर्चच्या डाव्या अंगाला पापनिवेदनाचा जुना लाकडी कक्ष आहे, फादर जाळीआड बसून पापं ऐकायचे तो, आता वापरात नसलेला. त्यात मी कांद्याचं पोतं ठेवलं, मग डाळ, मग तेलाचे डबे. छान चाललं होतं. एके दिवशी बाहेरगावच्या एक बाई आल्या, जाळीपाशी गुडघे टेकून बसल्या आणि दहा मिनिटं मनोभावे आपली पापं सांगत राहिल्या. कांद्याच्या पोत्याला! उत्तर येईना, तेव्हा बाहेर येऊन तक्रार करू लागल्या, की आतले फादर बोलत काही नाहीत आणि कांदा मात्र खाऊन बसलेत.

फादरांनी त्यांचं पापनिवेदन रीतसर ऐकलं. मग माझ्याकडे आले. "बाई, पापं ऐकणाऱ्या पोत्याला पण गुपित पाळावं लागतं, बरं का," एवढंच म्हणाले आणि संध्याकाळी सगळं वाटून टाकलं.

हसा, हसा. पुढचं हसण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी फादरांचं ऑपरेशन झालं आणि ते तीन आठवडे दवाखान्यात होते. मला रान मोकळं मिळालं. चार दिवसांत मी कपाट गच्च भरलं. मांडणीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मिस्सेनंतर दारात उभं राहून मागायचं नाही, की कुणाची वाट पाहायची नाही. मी लोकांना सांगितलं, "सगळं आहे, महिनाभर कुणी काही आणू नका."

आपले शिंपीकाका इथे पहिल्या रांगेत बसले आहेत आणि आत्ताच माझ्याकडे डोळे वटारून पाहत आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, मागच्या गल्लीत एकटे राहतात. ते रोज पावणेनऊला त्या दिवसापुरतं मीठ आणायचे. कागदाची पुडी, घड्या अशा घातलेल्या की इस्त्री मारल्यासारख्या. एकदा तापानं ते आले नाहीत, तर सव्वानऊला फादर अंगातल्या एप्रनसकट त्यांच्या दारात. मी तेव्हा म्हटलं होतं, "चिमूटभर मिठासाठी एवढी धावपळ?"

त्या आठवड्यात काका पुडी घेऊन आले, तेव्हा मी कपाट उघडून दाखवलं. "काका, दहा किलो मीठ आणलंय. आता तुम्ही आराम करा."

"दहा किलो? मग मी काय करू?"

"काही नाही. बसा घरी निवांत."

त्यांनी पुडी पुन्हा खिशात घातली. मला ती पुडी आजही दिसते.

अकराव्या दिवशी ते न्हाणीघरात घसरून पडले. दीड दिवस तिथेच होते. दूधवाल्याला आदल्या दिवशीची बाटली दारातच दिसली म्हणून कळलं. दीड दिवस! पावणेनऊ दोनदा वाजून गेले आणि या पॅरिशमध्ये कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण कुणी त्यांची वाट पाहत नव्हतं. आमचं कपाट भरलेलं होतं ना.

मी दवाखान्यात गेले, तर खाटेवरून काका म्हणाले, "आलात? मीठ संपलं वाटतं."

फादर बरे होऊन परतले, त्यांना सगळं कळलं, आणि ते मला एक शब्द बोलले नाहीत. हे मला मुळीच आवडलं नाही. ते चार शब्द बोलले असते, तर मी आठ बोलून मोकळी झाले असते. दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर ते काठी टेकत दारात उभे राहिले आणि उद्याचे बटाटे मागू लागले. आता काकांना एकट्यानं चालवत नाही, म्हणून रोज सकाळी पुडी आणायला मी जाते. ते मला वीस मिनिटं उभी ठेवतात आणि सूप कसं करावं ते ऐकवतात. आयुष्यात ज्यांनी चहासुद्धा केला नाही, ते!

एवढं होऊनही मी हा प्रस्ताव का दिला? फादर जाणार हे कळलं, त्याच दिवशी दिला. खरं कारण असं, की उद्यापासून त्या दारात उभं कोण राहणार? नव्या फादरांना इथली माणसं माहीत नाहीत. राहिले मी. चौतीस वर्षं लोक माझ्या खिडकीशी येऊन मागायचे. मी कधी कुणापुढे हात पसरला नाही. लोखंडी मांडणीपुढे हात पसरावा लागत नाही, म्हणून ती मला प्रिय.

अध्यक्षमहाराज, मी तो प्रस्ताव मागे घेते. नाही, चिठ्ठी पाठवू नका, मागे घेतला म्हणजे घेतला. माझी श्रद्धा वाढलेली नाही. आज रात्री मला झोप लागणार नाही, आणि उद्या साडेअकरापर्यंत मी चिडचिड करणार आहे. फादर, हसू नका.

तर, उद्या सहा किलो बटाटे हवेत. कोण आणतंय?

कुणी नाही? माझा आवाज मागे पोचतोय ना?

कोण, नवे फादर? तुम्हाला बाजार कुठे आहे ते तरी माहीत आहे का? बरं, मदर दाखवतील. गाजर दोन किलो. अहो, तिघं कशाला हात वर करता? एक पुरे. तुम्ही, चष्मेवाले. बाकीच्यांनी हात खाली घ्या, परवा आहेच. पाव? लिहिला. तेल?

तेलाला कुणी नाही. ठीक आहे.

फादर, तुम्ही मला सहा वर्षं छळलंत. देव तुम्हाला नव्या ठिकाणी माझ्यासारखीच एखादी बाई देवो, याहून मोठा आशीर्वाद मला सुचत नाही. अध्यक्षांनी दिलेल्या पाच मिनिटांची मी पंधरा केली, आपण ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर वय आणि स्वभाव पाहून मला माफ करावं.

चहा बाहेर ठेवला आहे. दार एकच आहे, आणि मी आता त्या दारात जाऊन उभी राहते. तेलाचं अजून ठरलेलं नाही.