विरुपाक्षाचा कॅमेरा आणि माझी तीन बोटं

आजच्या निरोपाच्या सभेचे अध्यक्ष माननीय गुरुबसप्पा मास्तर, व्यासपीठावर बसलेले आपल्या पेठेतले फोटोवाले नबीलालभाई, नव्या चादरी पांघरून घाम पुसत बसलेले दोन सत्कारमूर्ती, म्हणजे माझा नातू विरुपाक्ष आणि त्याच्याच पलटणीतला वैरागचा धोंडीराम, आणि एवढ्या उन्हात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना सुंदरम्माचा शरणु शरणार्थी.

मला अक्षर ओळखता येत नाही. म्हणून हे भाषण मी सांगितलं आणि माझी नात महानंदा हिनं उतरवून घेतलं. वाचतेय ती, उभी मी आहे. मध्येच तिचा आवाज अडखळला तर तिला नावं ठेवू नका, मजकूर माझा आहे. लिहिताना तिनं दोनदा विचारलं, "अज्जी, हे खरंच लिहू?" म्हटलं, लिही.

मास्तर या दोघांच्या शौर्याबद्दल छान बोलले. मी काय बोलणार? लढाईत मी कुठं होते? मला ठाऊक आहे ते सामान बांधण्यापुरतं. तेवढंच सांगते.

गेल्या वर्षी, म्हणजे एकाहत्तर साली, दसऱ्याच्या सुमाराला दोघं रजेवर होते. रजा निम्मी राहिली आणि बोलावणं आलं. मी विरुपाक्षाच्या पत्र्याच्या ट्रंकेत शेंगाचटणीचा डबा ठेवला. त्यानं तो बाहेर काढला आणि त्या जागी कॅमेरा ठेवला. पहिल्या पगारांतून नबीलालभाईंकडून जुना घेतलेला, चौकोनी, डब्यासारखा.

"अरं, लढाईला चाललायस का जत्रेला?" मी विचारलं.

"अज्जी, तितं माणसंच असत्यात की. त्यांच्या घरच्यांना त्यांचं तोंड दिसाय नको?"

"आणि साहेबानं हिसकून घेतला म्हंजे?"

"साहेबाला इचारलंय. तोफ न्हाय, गाडी न्हाय, पूल न्हाय. माणूस आणि त्याच्या मागं तंबूचं कापड, एवढंच टिपायचं. रीळबी साहेबाच्या हातूनच भाईर जाणार."

आता सांगा, सरकार बंदूक देतं, बूट देतं, घोंगडी देतं. पण पोराचं तोंड आईकडं पाठवायची सोय सरकार करतं का? मला त्याचं म्हणणं पटलं. पटलं हे त्याला सांगितलं नाही, ती माझी जुनी खोड आहे.

आमच्या घरातून कुणी गावाला निघालं की त्याच्या कपाळाला विभूती लागते. ट्रंकेला लागते, ट्रंकेच्या कुलपालाही लागते. त्या सकाळी सगळ्याला लावून झाली. राहिला कॅमेरा. त्याबद्दल मला सक्त ताकीद होती : "अज्जी, काचेला बोट लावायचं न्हाय." मग तो आंघोळीला गेला.

मी विचार केला, बाहेरून लावली तर हा पुसून टाकील. आत लावली तर कोण बघतंय? मागची खिटी दाबली, झाकण उघडलं. आत मोकळं होतं, रीळ भरायचं होतं. पार तळाशी बटणाएवढी काच चमकत होती. म्हटलं, हाच याचा डोळा. विभूती जराशी ओली केली आणि तिन्ही बोटं टेकवली. बटणाएवढ्या काचेवर तीन पट्टे कुठले मावायला? मावले तेवढे लावले. झाकण बंद केलं आणि समाधानानं चहा ठेवला.

आता विरुपाक्ष उठून उभा राहिला असेल. बस खाली. भाषण संपलं नाही.

या पोरानं वाळवंटात तीन रिळं टिपली. लढाई थांबली तेव्हा छत्तीस जण त्याच्यापुढं दाढी करून, टोपी नीट करून उभे राहिले होते. साहेबानं ती रजेवर येणाऱ्या एकाबरोबर नबीलालभाईंकडं धाडली. धुतली, तर काय? छत्तीसच्या छत्तीस जण दुधात बुडवून काढलेले! नाक कुठं, डोळे कुठं, काही कळेना. विरुपाक्षानं पत्रात कळवलं की वाळू गेली असणार, हात माझाच चुकला. त्यानंतर त्यानं कॅमेरा ट्रंकेबाहेर काढला नाही.

पस्तीस जणांनी हसून सोडून दिलं. छत्तिसावा होता धोंडीराम.

धोंडीरामचं मंगळवेढ्याच्या एका घरी जमत आलं होतं. मुलीकडच्यांना फक्त फोटो हवा होता, आणि तो तातडीनं हवा होता. दुसरा नव्हता म्हणून तोच धुरकट फोटो वैरागमार्गे तिथं पोचला. मुलीच्या वडलांनी बघितला आणि विचारलं, "तोंड झाकून फोटो का धाडलाय? पोरगा लढाईत भाजलाय काय?" भाजला नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाले लपवताय. धोंडीरामच्या वडलांना ते लागलं. आम्ही खोटारडे का, म्हणून त्यांनी बोलणंच तोडलं. आणि धोंडीरामनं याला सुनावलं, "तुझ्या हौसेपायी माझं लगीन मोडलं."

एका ताटात जेवणारी ही दोन पोरं या रजेला एकाच गाडीनं आली, दोन वेगळ्या डब्यांतून. आल्या आल्या विरुपाक्षानं कॅमेरा नबीलालभाईंच्या दुकानात टाकला. म्हणाला, विका, माझ्या हाताला गुण नाही.

आठ दिवसांपूर्वी नबीलालभाई दारात उभे.

"सुंदरम्मा, कॅमेऱ्याच्या पोटात इबूत कशी गेली?"

"मला काय ठावं?"

"माझ्या दुकानात तर कुनी लावत न्हाय बगा."

मी हसले. मग हसू येईना. ते म्हणाले, "मी पोराला सांगणार न्हाय. ते तुमचं काम हाय."

आठ दिवस मी ते काम केलं नाही. का? या नातवाला मी जन्मभर चिडवत आले. त्याची भाकरी वाकडी, त्याचा भांग वाकडा, त्याची चाल वाकडी. त्याच्यासमोर माझं वाकडं कुठल्या तोंडानं काढू? रोज सकाळी ठरवायची आणि रोज त्याच्या ताटात भाकरी जास्त वाढायची. त्याला वाटलं, म्हातारी माया करतेय.

उद्या संध्याकाळच्या गाडीनं दोघं निघतात. म्हणून आज चारचौघांत सांगते. धोंडीराम, बाळ, याचा हात चुकला नव्हता. तुझं तोंड झाकलं ते मी. रागवायचंच तर माझ्यावर रागव, दोन्ही वाटणीचा राग मला दे.

मी मंगळवेढ्याला चौकशी करवली आहे. मुलीचं अजून कुठं जमलेलं नाही. कॅमेरा नबीलालभाईंनी धुऊनपुसून, रीळ भरून आणला आहे. धोंडीराम, सभा उठली की अंगणात उभा राहा. विरुपाक्ष, तू टीप. तो फोटो घेऊन येत्या गुरुवारच्या एसटीनं मी स्वतः जाईन आणि मुलीच्या वडलांना सांगेन, पोरगा असा आहे, आणि मागचा फोटो बिघडवणारी बोटं ही. त्यावर होय म्हणायचं की नाही, ते त्यांच्या मर्जीवर. आणि विरुपाक्ष, कॅमेरा विकायचा नाही. उद्या ट्रंकेत घाल. राहिलेल्या पस्तीस घरांतल्या आया अजून वाट बघत असतील.

सभा भरवणाऱ्या आपल्या पेठेच्या मंडळानं मला, अक्षरशत्रू बाईला, एवढ्या लोकांत उभं केलं, मास्तरांनी मान दिला, नबीलालभाईंनी आठ दिवस तोंड मिटून ठेवलं आणि महानंदानं न गाळता वाचलं, त्या सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. कॅमेऱ्याचं मात्र सभेनं पोटात घालू नये. त्याची माफी द्यायची की नाही, हे या दोघांनी ठरवायचं, आणि तेही अंगणात, उन्हं उतरायच्या आत. टाळ्या नकोत. त्यांना वाट द्या.