धुऱ्यावरची जुडी

एकटं राहणं कसं जमतं म्हणून विचारता ना? मग हे ऐका.

शहात्तर-सत्त्याहत्तरचं साल असेल. सानगडीजवळच्या एका खेड्यात मी नवा मास्तर, भाड्याच्या खोलीत एकटाच. गावातली रोवणी, म्हणजे भाताची लावणी, नुकतीच संपली होती. वर्गात उपमा शिकवत होतो. पुस्तकातला चंद्र झाला, कमळ झालं, तरी पोरं ढिम्म. वैतागून म्हणालो, "मरू द्या तो चंद्र. मी कशासारखा आहे ते सांगा."

वाटलं, वाघासारखा म्हणतील.

देवकी नावाची पोरगी उठली. "गुरुजी, तुमी धुऱ्यावरच्या जुडीसारखे."

"म्हणजे?"

"रोवणा झाला का धानाच्या रोपाची एखादी जुडी उरते ना, ते धुऱ्यावर, बांधावर, ठेवून देतेत. हिरवीगार रायते, पर तिले कोणी रोवत नाही."

एकही पोरगं हसलं नाही. सगळ्यांना उपमा बरोबर कळली होती!

मीही मास्तरच. म्हणालो, "शाब्बास. आता यातलं 'सारखे' काढलं की रूपक होतं. काढ बरं."

 ती हळूच म्हणाली, "नाही काढत, गुरुजी."

"काहून?"

"सारखे म्हटलं तं तुमी थोडेसे तं वेगळे रायता."

पुढे शाळा बदलल्या, गावं बदलली, खोलीत मात्र मी एकटाच राहिलो. पण देवकीनं ठेवलेलं ते 'सारखे' मी अजून काढलेलं नाही.