रिकाम्या हातातला रंधा

...आणि वर हे नाचवाले मलाच सांगतात, "पायांकडे बघू नका, भाव बघा." अहो, कसे बघू? त्या रंगमंचाची जमीन मी ठोकलीय. आपणच ठोकलेल्या फळ्यांवर बारा पोरी धाडधाड नाचायला लागल्यावर सुताराचं लक्ष कुठे जाणार, भुवयांकडे? तुम्हाला सांगतो, दीड तास माझा जीव डावीकडून चौथ्या फळीत अडकला होता. तिच्यावर कुणी उतरलं की कुर्रर्र... मी खाली वाकणार, बायको कोपर मारणार, "अहो, वर बघा." वर बघितलं. वर दिवे. मी सुतार माणूस, मला नाचातलं काय कळतं?

पण लेकीचा कार्यक्रम, न जाऊन सांगता कुणाला? त्यात सकाळी दारातच म्हणाली, "बाबा, शेवटचा नाच मी स्वतः बसवलाय. त्यात एक म्हातारा कारागीर आहे. खोटा वाटला तर तोंडावर सांगा, मी तो पुन्हा करणार नाही." घ्या. म्हणजे तिच्या नाचाचं मरण-जगणं माझ्या जिभेवर. आणि मी सुतार माणूस, मला नाचातलं काय कळतं?

शेजारी एक जाणकार बसलेले. जाणकार म्हणजे कसे, तर डोळे मिटून नाच बघणारे. मधूनच "वाऽऽ" म्हणायचे. बायकोला विचारलं, "हे बघतायत काय?" तर म्हणे, "रस घेतायत, घेऊ द्या." मग मीही मिटले डोळे. दिवसभर दरवाजे बसवून आलेला माणूस, त्यात मऊ खुर्ची, त्यात अंधार... पुन्हा कोपर. "अहो, रस घ्या, घोरू नका."

आणि मग लेक एकटी आली. हातात काही नाही, आणि लागली की हो रंधा मारायला. मी ताठ बसलो. सुरुवातीला दाब पुढच्या हाताचा, फळी संपता संपता मागच्या हाताचा... हे हिला शिकवलं कुणी? मग थांबली, भुसा फुंकला, आणि झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा फळीवरून तळवा फिरवला. फळी नव्हती हो तिथे. पण मला दिसली. तिच्यातली गाठसुद्धा दिसली. चौथी फळी कुरकुरली असेल, मला नाही ऐकू आली.

तिथेच उठून घरी जायला हवं होतं. पण गेलो आत भेटायला. सगळ्या पोरी जमलेल्या, गुरुबाई उभ्या, आणि लेक म्हणते, "बाबा, सांगा आता." मी सांगितलं. "रंधा एक नंबर. पण तो म्हातारा दर दोन मिनिटांनी कमरेला हात काय लावतो, कण्हतो काय, एकटाच भिंतीशी भांडतो काय... कामावरचा माणूस असा नसतो गं. ती जरा नाटकं वाटली."

गुरुबाई छताकडे बघायला लागल्या. बायको हळूच म्हणाली, "अहो, तुमचा हात कुठाय?"

बघितलं. कमरेवर.

पोरी भिंतीकडे तोंड करून हसायला लागल्या. लेक नाही हसली. म्हणाली, "खोटा वाटला ना? राहू दे, नाही करणार पुन्हा."

पोरीने इतकी वर्षं बसून बापाला बघितलं, आणि बाप तिच्या पायाखालच्या फळ्या बघत बसला. म्हटलं, "कर गं बाई, शंभरदा कर. खोटा नाही तो... त्याची कंबर खरंच दुखते."