मेंढ्याचं डोकं आणि आमचा सर्व्हर

...नाही, पण तुम्हीच सांगा, मेंढ्याचं डोकं पुढ्यात आलं तर माणसानं काय करायचं? 'नको' म्हणायचं? आमच्या काराकोल गावात? अहो, त्यापेक्षा यजमानाच्या थोबाडीत मारलेली परवडते!

तुम्हाला सांगतो, आमच्या पाणीखात्यात नवा सर्व्हर आला. अख्ख्या गावाचा डेटाबेस त्यात जायचा. घर कुठलं, माणसं किती, नळ किती. आता त्यात ऑपरेटिंग सिस्टीम कुठली घालायची? मी आवक-जावकचा कारकून, निवृत्तीला एक हिवाळा उरलेला, मला ऑपरेटिंग म्हटलं की अपेंडिक्स आठवतं! पण खात्यात दोन तट. बाकीत नावाचा पोरगा म्हणे, "विंडोजच! बटण दाबलं की झालं." अनारकुलताई म्हणे, "लिनक्स घाला, चालू करा आणि विसरून जा." बाकीत म्हणे, "ताई, तुझ्या त्या काळ्या पडद्यासमोर मयताला आल्यासारखं वाटतं." ताई म्हणे, "तू कामावर आलास की मलाही तसंच वाटतं."

आणि साहेब? डोळे मिटून! निर्णय घेणारा उद्या अडकणार, एवढं त्यांना नक्की कळतं. हा गृहस्थ स्वतःच्या लग्नातही सासऱ्याला विचारून 'हो' म्हणालेला. त्यांनी मेंढाच कापला. सगळं खातं जेवायला, आणि डोकं... माझ्या पुढ्यात! "तोक्तोसून आके," साहेब म्हणाले, आके म्हणजे आमच्याकडे दादा, "तुम्ही सगळ्यांत वडील. डोकं तुमचं, शब्दही तुमचा."

फुललो हो मी! डोकं खाणं सोपं असतं, तुम्हाला सांगतो, चालवायची वेळ आली की पंचाईत. त्यात आमच्याकडे डोकं एकट्यानं खायचं नसतं, वाटायचं असतं. एक डोळा बाकीतला दिला, एक ताईला, म्हणजे दोघांत गोडी राहावी. आणि त्याच धुंदीत बोललो, "सर्व्हरचंही असंच करा! अर्धा ह्याला, अर्धा हिला!"

टाळ्या! ताई म्हणाली, "आके, एका वेळी एकच चालतं."

"मग आळीपाळीनं चालवा!"

"अहो, पण ह्याच्या दिवशी माझ्याकडचं काहीच दिसणार नाही..."

"ताई," साहेब डोळे न उघडता म्हणाले, "वडील माणसाच्या तोंडात घास आहे."

झालं! सोमवारी अर्धं गाव सापडायचं, मंगळवारी उरलेलं. आणि एका सोमवारी मशीननं विचारलं, 'हा भाग वाचता येत नाही, पुसून टाकू का?' बाकीतनं दाबलं 'हो'. पुसलं! ताईचं अर्धं गाव साफ! का दाबलंस रे? तर म्हणे, "आके, इतक्या अदबीनं आपल्या खात्यात कुणी विचारतं का?"

चौकशी बसली. साहेबांनी पहिल्यांदा डोळे उघडले. "डोकं कुणी खाल्लं?" सगळ्या खात्याची बोटं माझ्याकडे! त्याच मेंढ्याच्या रश्श्यानं हनुवट्या माखून घेतलेली माणसं हो ही! बाकीत साहेबांचा भाचा, त्याला समज दिली. ताई बिश्केकला नोकरी धरून गेली, जाताना हसली. आणि मला हुकूम: गेलेलं गाव दारोदार फिरून परत लिहून आणा, तोवर निवृत्ती नाही.

आता गुडघाभर बर्फात दारं ठोठावतोय. "घरात माणसं किती?" आतून ओरडतात, "तुमच्या मशीनला विचारा!" कुत्री सोडतात. परवा फिरत फिरत आमच्याच गल्लीत आलो. आमचं घरही त्या पुसलेल्या अर्ध्यातलं. नियम म्हणजे नियम, दार वाजवलं. ही दारात आली. विचारलं, "घरात माणसं किती?"

"एक," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

काय करणार... लिहिलं, एक.