विमानावरची सही

तुम्ही म्हणाल हिला नसत्या चौकशा, पण आमच्या दौंडला शेजारचा सुनील विमानांचा इंजिनिअर. वर्षाची तपासणी करून त्यानं सही केली, की मगच त्याच्या मालकाचं छोटं विमान उडायचं. परवा भरदुपारी तो ओट्यावर बसलेला दिसला, मग मला कुठं राहवतंय!

"काय रं, आज सुट्टी?"

"न्हाई काकू, काढलं मला."

"आँ? केलंस तरी काय?"

"सही केली न्हाई. पुढच्या चाकाच्या दांड्याला तडा गेलाय. मालक म्हणले, दसऱ्याला एवढी पूजा केली, नारळ फोडला, आता काय होतंय? म्हणलं, साहेब, तडा हळदीकुंकवानं बुजत न्हाई."

"बरं बोललास! मग आता विमान पडूनच का?"

"कशाचं पडून! दुसरा इंजिनिअर आणला. त्यानं हातातला चहा संपायच्या आत सही केली. आज पाहुण्यांना घेऊन उडालं पण."

मी त्याच्या शेजारी ओट्यावरच टेकले. म्हणलं, "आन् मालकाला सोताच्या जिवाची भीती न्हाई व्हय रं?"

सुनील हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"हाय की, काकू. म्हणून तर ते मोटारीनं गेले."